क्रोमबुकवर फायरफॉक्स: घरमालकाच्या वाड्यात दुसरं बिऱ्हाड

२०२५ च्या मध्यावर क्रोम वापरणाऱ्या अनेकांना अचानक जाहिराती दिसू लागल्या. वर्षानुवर्षं त्या अडवून धरणारं 'यूब्लॉक ओरिजिन' हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, क्रोमने टप्प्याटप्प्याने बंद केलं होतं. जून २०२४ पासून इशारे येत होते. १३९ व्या आवृत्तीत उरलीसुरली पळवाटही बुजली. विंडोज वापरणाऱ्यांनी फायरफॉक्स उतरवून घेतला आणि ते मोकळे झाले. क्रोमबुकवाले मात्र अडकले. फायरफॉक्सच्या साइटवर जाऊन 'डाउनलोड' दाबलं, तरी उतरलेली फाइल काही केल्या उघडत नाही. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, 'याच्यावर फक्त क्रोमच चालतो.'

दुकानदाराचं म्हणणं अर्धंच खरं आहे. क्रोमबुकवर दुसरा ब्राउझर चालतो. तो कसा बसवायचा, हे दहा मिनिटांचं काम. बसवल्यावर नेमकं काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे आधी कळलेलं बरं.

क्रोमबुक म्हणजे लॅपटॉप की नुसता क्रोम?

गुगलने क्रोमओएसची, म्हणजे लॅपटॉप चालवणाऱ्या मूळ यंत्रणेची, घोषणा २००९ साली केली आणि सॅमसंग व एसर यांची पहिली क्रोमबुकं जून २०११ मध्ये बाजारात आली. कल्पना सोपी होती. बहुतेकांचं काम ब्राउझरमध्येच चालतं, मग त्याच्याखाली एवढं अवजड यंत्रमंडळ कशाला? म्हणून तळाशी लिनक्स या खुल्या यंत्रणेचा गाभा, त्याच्यावर क्रोम, आणि जवळजवळ बाकी काहीच नाही. त्यामुळे साधी चिप, ४ जीबी रॅम आणि ३२ किंवा ६४ जीबी साठवण एवढ्यावर भागतं आणि लॅपटॉप स्वस्तात पडतो. ऑक्टोबर २०२३ पासून एचपीची क्रोमबुकं चेन्नईजवळच्या कारखान्यात बनू लागली आहेत.

या रचनेचा एक परिणाम आपल्या विषयाला थेट भिडतो. डिस्कचा जो भाग क्रोमओएसचा, तो फक्त वाचता येतो. त्यावर तुम्ही किंवा कुठलंही सॉफ्टवेअर काही लिहू शकत नाही. लॅपटॉप सुरू होताना प्रत्येक वेळी त्या भागाची तपासणी होते आणि कुठे फेरफार आढळला तर यंत्र दुरुस्तीच्या पडद्यावर जाऊन थांबतं. विंडोजची 'ईएक्सई' फाइल तर इथे चालणं शक्यच नाही, पण लिनक्सचा प्रोग्रामही थेट मूळ यंत्रणेत शिरू शकत नाही. व्हायरसला जागा नाही, तशी फायरफॉक्सलाही नाही.

वाड्याचं उदाहरण घेऊ. विंडोजच्या लॅपटॉपवर क्रोम, एज, फायरफॉक्स ही सगळी बिऱ्हाडं. आज हा आला, उद्या तो गेला. क्रोमबुकवर क्रोम हाच घरमालक. त्याला बाहेर काढता येत नाही, कारण वाडाच त्याचा आहे. दुसऱ्या कुणाला यायचं तर आवारात वेगळी खोली बांधून राहावं लागतं. ती खोली कशी बांधायची, तिचं भाडं किती आणि पत्र आलं की ते कुणाच्या हातात पडतं, हेच पुढे पाहायचं आहे.

पण ब्रेव्ह, ऑपेरा, उला आहेत की! फायरफॉक्सच का?

हा प्रश्न नेहमी येतो आणि त्यात बरीच गल्लत असते. ब्राउझरचे दोन भाग असतात. वरचा भाग आपल्याला दिसतो: टॅब, बटणं, रंग, बुकमार्क. खाली असतं 'इंजिन', म्हणजे वेबपानाचा कोड वाचून त्याचं पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग. नाव वेगळं म्हणजे इंजिन वेगळं, असं मुळीच नसतं.

गुगलचं इंजिन 'ब्लिंक'. ॲपलच्या वेबकिटपासून ते २०१३ मध्ये वेगळं झालं. ऑपेराने त्याच सुमाराला स्वतःचं इंजिन सोडून हेच घेतलं. मायक्रोसॉफ्टने २०२० च्या जानेवारीत एजही यावर आणला. ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंगचा ब्राउझर, सगळे ब्लिंकचेच. केंद्र सरकारच्या स्वदेशी ब्राउझर स्पर्धेत २०२५ मध्ये पहिला आलेला झोहोचा 'उला'सुद्धा क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच खुल्या कोडवर, उभा आहे. यात कमीपणा काही नाही. इंजिन लिहिणं हे प्रचंड खर्चाचं काम आहे. पण क्रोमला पर्याय म्हणून यांतला एखादा घेताना आपण पाटी बदलतोय, पाया नाही, एवढं ठाऊक असावं.

मोठ्या ब्राउझरांत पाया खरोखर वेगळा असलेले दोनच उरले: ॲपलचा सफारी आणि मोझिलाचा फायरफॉक्स. सफारी ॲपलच्या बाहेर मिळत नाही. उरला फायरफॉक्स. त्याचं 'गेको' इंजिन नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळापासून चालत आलेलं आहे आणि यूब्लॉक ओरिजिन त्यावर आजही पूर्ण ताकदीने चालतं.

एक गंमत मात्र लपवण्यात अर्थ नाही. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गुगलकडूनच येतो, फायरफॉक्समध्ये गुगल सर्च पहिल्यापासून बसवून दिल्याबद्दल. सर्चमधल्या मक्तेदारीवरून गुगलवर अमेरिकेत चाललेल्या खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी २ सप्टेंबर २०२५ ला निकाल दिला. गुगलला क्रोम विकायला लावलं नाही. आणि एकाधिकाराचे करार बंद केले, तरी असे पैसे देण्याची मुभा ठेवली. क्रोम वाचला याची बातमी झाली. त्याच निकालाने फायरफॉक्सही तरला, याची फारशी चर्चा झाली नाही.

नुसत्या जाहिरातींसाठी एवढा खटाटोप करायचा का?

बहुधा नको. आधी क्रोममध्येच 'यूब्लॉक ओरिजिन लाइट' टाकून बघा. जुनं एक्स्टेन्शन पानाकडून जाणारी प्रत्येक मागणी स्वतः तपासून 'ही जाऊ दे, ही अडव' असं ठरवायचं. क्रोमच्या नव्या नियमांत, म्हणजे 'मॅनिफेस्ट व्ही३' मध्ये, एक्स्टेन्शनने अडवायच्या पत्त्यांची यादी आधीच क्रोमच्या हवाली करायची. अडवण्याचं काम क्रोम करतो. गुगलचं म्हणणं असं की यामुळे जाहिराती अडवायला एक्स्टेन्शनने आपलं ब्राउझिंग न्याहाळण्याची गरज उरत नाही. ते खोटं नाही. पण यादी लवकर बदलत नाही आणि चलाख जाहिराती निसटतात, हेही खरं. बातम्यांच्या साइट्स आणि पाककृती एवढंच वाचणाऱ्याला लाइट पुरेल. ज्याला प्रत्येक साइटवर काय चालू द्यायचं आणि काय नाही हे स्वतः ठरवायचं आहे, किंवा गुगलच्या खात्यापासून वेगळं, स्वतंत्र ब्राउझिंग हवं आहे, त्याने पुढचं वाचावं.

सोपी वाट: प्ले स्टोअर

२०१६ पासून क्रोमबुकवर अँड्रॉइडची ॲप्स चालवण्याची सोय सुरू झाली. प्ले स्टोअर उघडा, फायरफॉक्स शोधा, इन्स्टॉल करा, झालं. हा फोनसाठीचाच फायरफॉक्स आहे, त्यामुळे मोठ्या पडद्यावर तो थोडा विरळ दिसतो आणि काही साइट्स मोबाइलचं पान पुढे करतात. मेनूमधून 'डेस्कटॉप साइट' निवडावं लागतं. पण यूब्लॉक ओरिजिन इथेही मिळतं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये मोझिलाने फोनवरच्या फायरफॉक्ससाठी एक्स्टेन्शनांचं दालन पुरतं उघडलं. माझ्या मते दहापैकी सात जणांनी इथेच थांबावं.

पूर्ण फायरफॉक्स हवा तर: लिनक्सची खोली

२०१८ मध्ये गुगलने प्रोग्रामरांसाठी क्रोमबुकात लिनक्सची सोय आणली. सेटिंग्जमध्ये तिचं नाव 'लिनक्स डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट' असं भारदस्त आहे, म्हणून लोक बिचकतात. आत जे घडतं ते असं. क्रोमओएस एक व्हर्च्युअल मशीन सुरू करतो, म्हणजे लॅपटॉपच्या आतच सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. त्याच्या आत आणखी एक बंदिस्त कप्पा, त्याला 'कंटेनर' म्हणतात, आणि त्यात डेबियन नावाचं लिनक्स. वाड्याच्या आवारातली वेगळ्या दाराची खोली ती हीच. तिच्यात काहीही घडलं तरी मूळ वाड्याच्या भिंतीला धक्का लागत नाही.

सेटिंग्ज उघडून वरच्या शोधपट्टीत 'लिनक्स' लिहा, 'सेट अप' दाबा. तो नाव विचारेल आणि किती जागा द्यायची ते विचारेल. १० जीबी सुचवलेली असते, ती राहू द्या. इंटरनेटच्या वेगाप्रमाणे काही मिनिटांत 'टर्मिनल' ही काळी खिडकी उघडेल. तिच्यात दोन ओळी लिहायच्या, अर्थात रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत. पहिली, 'सुडो एपीटी अपडेट' (sudo apt update), उपलब्ध सॉफ्टवेअरची यादी ताजी करते. दुसरी, 'सुडो एपीटी इन्स्टॉल फायरफॉक्स-ईएसआर' (sudo apt install firefox-esr), फायरफॉक्स आणून बसवते. मध्ये 'वाय की एन' असं विचारलं की 'वाय' द्यायचं. मग ॲप्सच्या यादीत 'लिनक्स ॲप्स' या गटात फायरफॉक्सचं चिन्ह दिसू लागतं आणि पुन्हा टर्मिनलकडे फिरकावं लागत नाही.

'ईएसआर' ही लांब मुदतीची आवृत्ती. नवी वैशिष्ट्यं तिच्यात साधारण वर्षाने येतात, सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र नियमित येतात. घरगुती वापराला हीच बरी, रोज उठून बटणांच्या जागा बदलत नाहीत. अगदी ताजी आवृत्तीच हवी असेल तर 'फ्लॅटपॅक' या वेगळ्या वितरणपद्धतीने ती घेता येते. त्यासाठी आणखी दोन-तीन ओळी आणि बरीच जास्त जागा लागते.

बसवून झाल्यावर पहिला गोंधळ फाइलींचा होतो. फायरफॉक्सने उतरवलेलं काही नेहमीच्या 'डाउनलोड्स'मध्ये सापडत नाही. ते 'लिनक्स फाइल्स' या फोल्डरमध्ये जातं. उलट, क्रोमने उतरवलेली पीडीएफ फायरफॉक्समधून कुठे जोडायची असेल तर फायरफॉक्सला ती दिसतच नाही. फोल्डरवर उजवी टिचकी मारून 'शेअर विथ लिनक्स' केलं की दिसते. बुकमार्क आणायचे तर क्रोममधून त्यांची फाइल काढून ती 'लिनक्स फाइल्स'मध्ये टाकायची आणि मग फायरफॉक्समध्ये आयात करायची. पासवर्डचीही फाइल अशीच निघते, पण ती साध्या मजकुराची असते; काम झाल्याझाल्या पुसून टाका.

अक्षरं डोळे ताणावीत इतकी बारीक दिसली तर चिन्हावर उजवी टिचकी मारून 'यूज लो डेन्सिटी' निवडा.

४ जीबी रॅममध्ये हे चालेल का?

चालेल, पण सुखाने नाही. खोलीचं भाडं मेमरीत भरावं लागतं: व्हर्च्युअल मशीनची मेमरी, वर फायरफॉक्सची, आणि क्रोम तर घरमालक म्हणून बसलेलाच आहे. आठ-दहा टॅब उघडले की जुने टॅब पुन्हा पुन्हा नव्याने लोड होऊ लागतात. साठवण ३२ जीबी असेल तर क्रोमओएस आणि लिनक्स यांची जागा वजा जाता हातात फार थोडं उरतं. ८ जीबी रॅम असेल तर बिनधास्त करा. ४ असेल तर प्ले स्टोअरची वाट त्यातल्या त्यात सुसह्य, आणि लिनक्स घेतलंच तर काम झाल्यावर टर्मिनलच्या चिन्हावर उजवी टिचकी मारून ते बंद करत जा. फायरफॉक्सची खिडकी मिटली तरी खोलीतला दिवा जळतच राहतो.

व्हिडिओचंही तसंच. क्रोममध्ये व्हिडिओ उलगडण्याचं काम चिपमधला खास भाग करतो. लिनक्सच्या आत ते बहुतेकदा मुख्य प्रोसेसरवर पडतं आणि बॅटरी झरझर उतरते. व्हिडिओ कॉलसाठी क्रोमच वापरा. मायक्रोफोन लिनक्सला सेटिंग्जमधून देता येतो, पण कॅमेऱ्याशी झगडत मीटिंग घालवण्यात काही हशील नाही. चित्रपटांच्या सशुल्क साइट्सही क्रोममध्येच पाहाव्यात, विशेषतः तुमच्या क्रोमबुकात एआरएम जातीची चिप असेल तर.

मराठीचं काय?

वाचण्याची अडचण सहसा येत नाही. कुठे अक्षरांऐवजी चौकोन दिसलेच तर लिनक्समध्ये नोटो किंवा लोहित हे देवनागरी फॉन्ट टाकले की काम होतं. फायरफॉक्सचे मेनूही मराठीत मिळतात. स्वयंसेवकांनी केलेलं ते भाषांतर डेबियनमध्ये 'फायरफॉक्स-ईएसआर-एल१०एन-एमआर' (firefox-esr-l10n-mr) या नावाने वेगळं बसवता येतं.

खरी कटकट टंकनाची. क्रोमओएसमध्ये तुम्ही लावलेला मराठी कळफलक लिनक्सच्या खिडकीत चालेलच याचा भरवसा नाही. न चालल्यास लिनक्सच्या आत 'एफसीआयटीएक्स'सारखी वेगळी टंकनव्यवस्था बसवावी लागते, आणि ते काम नवख्याचं नव्हे. प्ले स्टोअरच्या फायरफॉक्समध्ये नेहमीचा कळफलक सहसा चालतो. ज्यांचं रोजचं लेखन मराठीत आहे त्यांनी लिनक्सच्या वाटेला लागण्यापूर्वी हा एक मुद्दा तपासून बघावा. दहा मिनिटांत कळतं.

डिजिटल स्वाक्षरीचं यूएसबी टोकन लावून ई-निविदा भरणाऱ्यांना यातल्या कशाचाच उपयोग नाही. ती सॉफ्टवेअर्स मुख्यतः विंडोजसाठी लिहिलेली असतात. त्यासाठी वेगळा संगणक लागतोच.

हे सुरक्षित आहे का? आणि जुना क्रोमबुक यातून वाचेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. लिनक्स त्याच्या कप्प्यातच राहतं आणि ते बसवायला क्रोमबुकचा 'डेव्हलपर मोड', म्हणजे सुरू होतानाची तपासणी बंद करणारी सोय, लावावा लागत नाही. नको झालं तर एका बटणाने सगळी खोली काढून टाकता येते. फक्त आतल्या फाइली आधी बाहेर आणा, कारण त्याही तिच्याबरोबर जातात. मात्र खोलीची झाडलोट तुमच्याकडे आहे. क्रोम स्वतःहून अद्ययावत होतो. लिनक्समधल्या सॉफ्टवेअरसाठी अधूनमधून टर्मिनलमध्ये 'अपडेट' आणि 'अपग्रेड' (sudo apt upgrade) करत राहणं चांगलं.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र लोकांची चुकीची समजूत झाली आहे. प्रत्येक क्रोमबुक मॉडेलला एक ठरलेली तारीख असते. तिच्यानंतर क्रोमओएसचे अपडेट येत नाहीत, आणि ब्राउझर म्हणजेच यंत्रणा असल्यामुळे क्रोमही जुनाट होतो. २०२३ मध्ये गुगलने ही मुदत दहा वर्षांची केली. २०२१ पासून आलेल्या मॉडेलांना ती आपोआप मिळते. तुमच्या यंत्राची तारीख सेटिंग्जमध्ये 'अबाउट क्रोमओएस' खाली दिसते. तारीख उलटून गेली की 'फायरफॉक्स टाका, यंत्र पुन्हा सुरक्षित' असा सल्ला सर्रास दिला जातो. फायरफॉक्स ताजा राहील हे खरं. पण ज्या वाड्याच्या आवारात तो राहतो, म्हणजे क्रोमओएसचा गाभा, वायफाय सांभाळणारा भाग, व्हर्च्युअल मशीन चालवणारा भाग, त्याची डागडुजी थांबलेली असते. बातम्या वाचायला हरकत नाही. बँकेचे व्यवहार अशा यंत्रावर करू नयेत, कुठल्याही ब्राउझरमधून.

असं यंत्र फेकायचं नसेल तर क्रोमओएस पूर्ण काढून लिनक्स बसवणारे लोक आहेत. त्यासाठी फर्मवेअर, म्हणजे यंत्र सुरू करणारं तळाचं सॉफ्टवेअर, बदलावं लागतं, काही मॉडेलांत झाकण उघडून लेखनसंरक्षणाचा स्क्रू काढावा लागतो, आणि मध्येच काही बिघडलं तर यंत्र उठत नाही. छंद असेल तरच.

शाळेने किंवा ऑफिसने दिलेलं यंत्र असेल तर हा सगळा विषयच बहुधा बंद. प्ले स्टोअर आणि लिनक्स दोन्ही तिथला व्यवस्थापक दुरून बंद ठेवू शकतो, आणि बहुतेक जण ठेवतात.

इतकं करून फायरफॉक्स मुख्य ब्राउझर होतो का?

नाही. इथेच बिऱ्हाडकरू आणि मालक हा फरक रोज जाणवतो. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक दाबा, मेलमधली दाबा, ती क्रोममध्येच उघडते. वाड्याचं टपाल मालकाच्याच दारात पडतं, आणि क्रोमओएसमध्ये हे बदलण्याची सोय दिलेली नाही. क्रोमला यंत्रणेपासून वेगळं काढण्याचा प्रयत्न खुद्द गुगलने काही वर्षं केला होता. 'लॅक्रोस' नावाचा तो प्रकल्प २०२४ मध्ये गुंडाळला गेला.

कायद्याचा रेटाही अजून इथवर पोचलेला नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तो अँड्रॉइड फोनच्या बाबतीत. युरोपात मार्च २०२४ पासून अँड्रॉइड फोनवर 'कुठला ब्राउझर हवा?' असा पडदा दाखवावा लागतो, पण युरोपियन आयोगाने २०२३ मध्ये गुगलच्या ज्या सेवांना हे नियम लावले त्यांत अँड्रॉइड होतं, क्रोम होता, क्रोमओएस नव्हतं.

चित्र बदललं तर ते दुसऱ्याच कारणाने. क्रोमओएस आणि अँड्रॉइड एकत्र करून एकच व्यासपीठ बनवण्याचा बेत गुगलने २०२५ मध्ये जाहीर केला. अँड्रॉइड फोनवर मुख्य ब्राउझर बदलणं ही सेटिंग्जमधली साधी निवड आहे. उद्याच्या स्वस्त लॅपटॉपांनी ती फोनवरून जशीच्या तशी घेतली, तर प्ले स्टोअरमधला फायरफॉक्स तिथे थेट मालकाच्या जागी बसू शकेल आणि वरची सगळी टर्मिनलची कसरत लागणार नाही. ती निवड ठेवायची की गाळायची, हे गुगलच्या हातात आहे.